“समजलं का?” विचारू नका, उत्तर घ्या

परतवाडा-अचलपूरच्या शाळांत, कॉलेजांत आणि शिकवणी वर्गांत तुम्ही सांख्यिकी शिकवता. तुम्हाला एक विनंती आहे. धडा झाल्यावर “समजलं का?” असं विचारणं सोडा.

त्यावर सगळा वर्ग “हो सर” म्हणतो. पुढच्या बाकावरची तीच ती लेकरं हात वर करतात. मागच्यांना काय समजलं, ते पेपर तपासतानाच कळतं. तेव्हा शिकवायची वेळ निघून गेलेली असते.

त्यापेक्षा असा प्रश्न द्या, की प्रत्येकाला उत्तर द्यावंच लागेल.

समजा, पाच बागायतदारांना संत्र्याचा टनामागे 20, 22, 24, 24 आणि 60 हजार रुपये भाव मिळाला. मध्य येतो 30 हजार, मध्यक 24 हजार. सूत्र पाठ असलं की एवढं जमतं. आता विचारा, शेवटच्याला 60 ऐवजी 100 हजार मिळाले असते, तर मध्यक कितीनं वाढला असता? पर्याय द्या: 40 हजार, 8 हजार, मुळीच नाही.

मध्यक हलत नाही. 8 हजारांनी वाढतो तो मध्य. तो पर्याय मुद्दाम ठेवा. जो 8 हजार निवडेल, त्याची गल्लत नेमकी कुठे होते ते तुम्हाला तिथेच दिसेल.

उत्तरं मात्र एकाच वेळी घ्या. नाही तर हुशार मुलाकडे बघून बाकीचे हात वर जातात. पर्यायागणिक एका रंगाचं पुठ्ठ्याचं कार्ड करा. थोडा वेळ शांतपणे विचार करू द्या. मग “दाखवा” म्हटलं की सगळ्यांनी कार्ड छातीशी धरायचं.

अमेरिकेत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 मध्ये अशी पद्धत सुरू केली. ती बटणांच्या यंत्रांशिवाय, साध्या कार्डांवरही चालते. तेव्हा साधन नाही म्हणून थांबू नका.

मोबाइल वापरायचा असेल, तर ‘प्लिकर्स’ बघा. प्रत्येक मुलाला वेगळ्या नमुन्याचं छापील कार्ड मिळतं. ते ज्या बाजूनं वर धरलं, ते त्याचं उत्तर. तुम्ही आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. मुलांकडे मोबाइल लागत नाही. मेळघाटातून शिकायला आलेल्या, घरी एकच फोन असलेल्या मुलासाठी ही मोठी सोय आहे. कार्डावर चकचकीत प्लास्टिक चढवू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नमुना वाचता येत नाही. आयआयटी मुंबईचं ‘सेफ’ हे ॲपही आहे, पण त्यात विद्यार्थी स्वतःच्या फोनवर उत्तर देतात. सगळ्यांकडे फोन आणि रेंज असेल तिथेच तसलं काही आणा. एकही लेकरू फोन नाही म्हणून गप्प बसलं, तर सारा खटाटोप वाया गेला.

उत्तरं आली की लगेच बरोबर काय ते सांगून टाकू नका. वर्गाचं मत विभागलं असेल, तर शेजारच्याला पटवून द्यायला सांगा. थोडा गोंगाट होईल, होऊ द्या. मग पुन्हा कार्डं घ्या. जवळजवळ सगळेच चुकले असतील, तर मात्र तुम्हीच पुन्हा शिकवा.

दोन्ही वेळची उत्तरं फळ्यावर वारंवारता सारणीत मांडा. हे आकडे मुलांनी स्वतः तयार केलेले असतात, म्हणून ती त्यांत मन घालतात.

या उत्तरांना गुण देऊ नका. चुकलेल्याचं नाव घेऊ नका. एकदा हसू झालं की ते मूल पुढे शेजाऱ्याचंच कार्ड बघून आपलं धरतं.

आई-वडिलांनो, तुम्हालाही सांगणं आहे. मुलगी घरी येऊन “आज माझं उत्तर चुकलं” म्हणाली, तर रागावू नका. तिनं काय विचार केला होता ते विचारा. तिला बाजारभावाची बातमी वाचून दाखवायला लावा आणि त्यातल्या सरासरीबद्दल विचारा. वरच्या पाच बागायतदारांपैकी चौघांना सरासरीपेक्षा, म्हणजे 30 हजारांहून, कमीच मिळाले होते. सरासरीवर विसंबून आपल्या मालाची किंमत ठरवणाऱ्या घराला हे कळणं फार गरजेचं आहे.

या आठवड्यात एकाच तासाला, एकच प्रश्न घेऊन बघा. पुठ्ठा आणि रंगीत कागद शाळेतच मिळेल.