अनुभव हवा, वेठ नको!

1958 च्या कायद्याने महारवतन गेले. परंतु मोबदल्याविना राबवून घेण्याची ती वृत्ती मेलेली नाही. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. करणाऱ्या आमच्या मुलामुलींपुढे ती आज ‘इंटर्नशिप’ हे नाव धारण करून उभी राहते. आधी काही महिने फुकट काम करा, अनुभव मिळेल, नोकरीचे पुढे पाहू!

फुकट कोण राबू शकतो? ज्याचा बाप लंडनचे घरभाडे भरू शकतो तो! शेतमजुराच्या लेकीने काय खावे? ही गुणांची परीक्षा नव्हे. ही बापाच्या तिजोरीची परीक्षा आहे.

कायदा काय म्हणतो ते ध्यानात ठेवा. तेथील 1998 च्या किमान वेतन कायद्यान्वये कामगार ठरणाऱ्यास वेतन द्यावेच लागते. अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग असलेले एक वर्षापर्यंतचे काम हा त्यातील प्रमुख अपवाद. शिवाय विद्यार्थी-व्हिसावर पदव्युत्तर विद्यार्थ्यास सत्रकाळात आठवड्यास सामान्यतः 20 तासच काम करता येते, आणि बिनपगारी नोकरीही त्यातच मोजली जाते. म्हणजे वेतन नाही ते नाहीच, वर पोटाचे तासही गेले!

तेव्हा बंधुभगिनींनो, विद्यापीठाच्या करिअर्स ऑफिसात पहिल्याच महिन्यात जा. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत पगारी काम शोधा. अटी लेखी घ्या. जे आधी जाऊन स्थिरावले, त्यांनी मागून येणाऱ्यांची शिफारस करावी. हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे. आणि अनुभवाचे आमिष दाखविणाऱ्यास ताठ मानेने विचारा: वेतन किती?