ऐकणाऱ्याची जागा

पाश्चात्य वाद्य घरांत येऊं द्यावें कीं नाहीं, हा वाद आतां जुना झाला. तें आल्यावर वादक आणि श्रोते यांनीं एका छपराखालीं कसें नांदावें, हा प्रश्न मात्र यंदाच्या पावसाळ्यांत आमच्याच घरीं उभा राहिला. त्यांत आमची चूक झाली, म्हणूनच ती वाचकांस सांगावी असें वाटतें.

आमचें राहणें झरी जामणी येथें, यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडील टोंकास. थोरल्या नातवानें शिकवण्यांचे पैसे सांठवून विजेची गिटार, लहानसा ॲम्प्लिफायर आणि पायानें दाबावयाचीं तीन पेडलें आणिलीं. त्याला जॅझ या अमेरिकन संगीताचा नाद लागला आहे. "आजोबा, या वादनांत स्वर 'वॉर्म' लागतो," असें तो सांगे. आम्ही ओटीवर झोपाळ्यावर बसलेले. आमच्या कानांत तो स्वर सुईसारखा शिरे. एके सायंकाळीं आम्ही रागानें बोलून गेलों, "बाबा रे, बोटांत नाहीं तें पेट्यांतून कसें येणार?" त्यानें उत्तर दिलें नाहीं. सर्व सामान माळ्यावर ठेविलें आणि पंधरा दिवस पंक्तीला बसूनही तो आमच्याशीं बोलला नाहीं. घर शांत झालें, पण ती शांतता आम्हांस मानवेना.

शेवटीं सूनबाई म्हणाली, "मामंजी, शाळेंत मुलाला न विचारतां आपण कधीं गुण कापले होते का?" शब्द वर्मीं लागले. आम्ही सामान खालीं काढविलें आणि नातवापुढें विद्यार्थी होऊन बसलों.

त्यानें समजाविलें तें असें. गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें, तें पिकअप. वरची तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो व ॲम्प्लिफायर त्याला बळ देतो. प्रत्येक तारेंत मूळ स्वरासवें अनेक उपस्वर असतात. तंबोऱ्याची जवारी लावतांना आपण ते मुद्दाम खुलवितों. जॅझवाला उलट त्यांतले वरचे तीक्ष्ण उपस्वर आवरतो. त्यासाठीं तो घोडीजवळचा पिकअप सोडून गिटारीच्या मानेजवळचा घेतो, 'टोन'ची कळ उतरवितो, सपाट वेष्टणाच्या तारा चढवितो. वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) तर नखी टाकून अंगठ्यानेंच तार छेडीत असे.

पेडलांचें काम याच्या पुढचें. कॉम्प्रेसर जोराचा आणि हलका आघात यांतील अंतर कमी करतो. इक्वलायझर खर्ज, मध्य व तीव्र भाग निरनिराळे कमीअधिक करतो. रिव्हर्ब मोठ्या दालनांतील घुमण्याचा आभास देतो. बोटांचें काम हीं यंत्रें करीत नाहींत. झालेल्या कामावर हात फिरवितात, इतकेंच.

या विद्येला शंभर वर्षेंही झालीं नाहींत. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेची गिटार १९३६ सालीं निघाली. तसलें वाद्य घेऊन चार्ली ख्रिश्चन १९३९ सालीं बेनी गुडमनच्या वाद्यवृंदांत शिरला आणि १९४२ सालीं, वयाच्या २५ व्या वर्षींच, निवर्तला. तेवढ्या अवधींत साथीच्या वाद्याला त्यानें पुढच्या रांगेंत आणिलें. आपल्याकडचे अमान्सियो डिसिल्व्हा हे मुंबईंत १९३६ सालीं गोमंतकीय कुटुंबांत जन्मले. पुढें इंग्लंडांत जो हॅरियटसमवेत त्यांनीं १९६९ सालीं 'हम दोनो' ही तबकडी केली. तेव्हां हा नाद आपल्या मुलखाला अगदींच परका नव्हे.

इतकें ऐकूनही सुईचें कोडें सुटेना. नातू म्हणे, स्वर मृदु आहे. आम्ही म्हणूं, टोंचतो. तेव्हां आम्हीं त्याला झोपाळ्यावर बसविलें आणि धाकट्या नातीस तार छेडावयास सांगितलें. तो दचकलाच! "आजोबा, हें तर खरोखर टोंचतें!"

कारण साधें निघालें. खर्ज चोहोंकडे पसरतो, पण तीव्र ध्वनि कर्ण्याच्या समोर सरळ जातो. ॲम्प्लिफायर जमिनीवर, नातू त्याला खेटून उभा. तीव्र भाग त्याच्या पोटऱ्यांवरून निघून दूरच्या झोपाळ्यावर आमच्या कानीं पोंचे. त्याला स्वर दबलेला वाटे, म्हणून तो तीव्राची कळ आणखी चढवी. आम्ही दोघेही खरेंच सांगत होतों. फक्त जागा निराळ्या होत्या.

आतां तो ॲम्प्लिफायर चौरंगावर, किंचित् मागें कलता ठेवितो. प्रथम सर्व कळा मध्यावर, पेडलें बंद. मग एका वेळीं एकच कळ हलवून ऐकणें. जुळवणी करावयाची ती ज्या आवाजांत वाजवावयाचें त्याच आवाजांत, कारण आवाज लहान केला कीं मनुष्याच्या कानाला खर्ज अधिकच क्षीण लागतो. चौथें पेडल मागविण्याचा बेत आपोआप रहित झाला, हा घरखर्चाचा लाभ वेगळाच.

शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकरां'त स्वराचें लक्षण सांगतांना त्याला स्निग्ध म्हटलें आहे, आणि श्रोत्याच्या चित्ताचें रंजन हें त्याचें कार्य मानिलें आहे. नातवाच्या 'वॉर्म'ला याहून नेमका शब्द आम्हांस सुचत नाहीं. हल्लीं शुभंकरोति आटोपल्यावर अर्धा तास त्याचें वादन चालतें. जुळवणी झाली कीं तो स्वतः झोपाळ्यावर येऊन ऐकतो. आणि आम्हांसही कांहीं बोलावयाचें झालें, तर आधीं उठून तो उभा राहतो तेथें जाऊन ऐकतों.