भिगवणला थांबूया, पण नीट थांबूया

पुणे-सोलापूर रस्त्यावरून आपलं जाणंयेणं काही कमी नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, नाहीतर सोलापूरकडचं एखादं लग्न. भिगवणला गाडी थांबतेही, पण मासळीच्या ताटासाठी. (त्याबद्दल तक्रार नाही, ताट झकासच असतं!) तिथून जवळच कुंभारगाव, डिकसळच्या काठाला थंडीत रोहित पक्षी उतरलेले असतात आणि आपण बडीशेप चघळत पुढे निघतो.

इथलं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. १९८०च्या सुमारास भीमेचं पाणी इथे अडलं, गावं उठली, शिवारं बुडाली. दरवर्षी शेतीसाठी आवर्तनं सुटून पाणी ओसरू लागलं, की काठाला चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडतात. रोहिताचं पोट त्यावरच. लांब मान खाली सोडून तो चोच चक्क उलटी धरतो आणि चिखलपाण्यातले बारीक जीव गाळून घेतो. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून इथवर येतात. शेजारच्या इंदापुरात चित्रबलाक भरवस्तीतल्या झाडांवर घरटी करतात आणि गाव त्यांना सांभाळून घेतं.

पण हे पाणी बिघडत चाललंय. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेत जातं आणि भीमा उजनीत येते. म्हणजे पुणे-पिंपरीतल्या आपल्या मोऱ्या, संडास, कारखाने यांचं बरंचसं पाणी धड शुद्ध न होताच इथे पोचतं. मग जलपर्णी माजते, पाण्यावर हिरवी साय धरते. त्यात वाळूउपसा आणि बारीक आसाची जाळी. माशांची पिल्लंच उचलली, तर उद्या कोळ्यांनी काय धरायचं आणि बगळ्यांनी काय खायचं?

याच पाण्यावर सोलापूरची तहान भागते, ऊस उभा राहतो. आषाढीला चंद्रभागेत आपण बुडी मारतो, ते पाणीही बरेचदा उजनीतून सोडलेलं असतं. तेव्हा हा प्रश्न एकट्या पक्षीवेड्यांचा नाही.

आपल्या हातात बरंच आहे. एक तर थांबूया. स्थानिक नावाडी घेऊया, जमलं तर गावातच मुक्काम करूया. जिवंत थव्यावर चार घरं चालली, की काठ राखायला तीच घरं पुढे येतात. मात्र फोटोसाठी ‘दादा, जरा उडवा की’ असं कुणी म्हणालं, तर आपणच त्याला हसत थोपवूया. चरणारा थवा उठवला, की त्याचं खाणं तुटतं आणि ताकद उगाच खर्ची पडते. नावाड्यालाही इंजिन लांबच बंद करायला सांगूया. गिऱ्हाईकच म्हणतंय म्हटल्यावर तो आनंदानं करेल. दिसलेले पक्षी ‘ई-बर्ड’ संकेतस्थळावर नोंदवूया, म्हणजे पुढेमागे बोलायला पुरावा राहील.

आणि खरं काम घरी परतल्यावर. आपल्या सोसायटीतला सांडपाणी प्रकल्प चालू आहे, की नुसता रंगवून ठेवलाय? पुढच्या सभेत एवढं विचारूया. प्रभागातलं मैलापाणी कुठे जातं, हे महापालिकेला लेखी विचारूया. एकानं विचारलं तर अर्ज फाइलीत पडतो; अख्ख्या इमारतीनं सह्या करून विचारलं, तर उत्तर टाळणं अवघड जातं.

तेव्हा येत्या थंडीत अक्कलकोटला निघताना पहाटे दोन तास आधी निघूया. दुर्बीण नसली तर शेजाऱ्यांची मागूया, आणि जागा असेल तर शेजाऱ्यांनाही गाडीत घेऊया. सह्यांच्या वेळी ते लागणारच आहेत.