कोयत्याच्या हिशेबात नसलेले मूल

दसरा-दिवाळी उलटली की बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतील टोळ्या मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मजुरी टनावर ठरते आणि उचल तीतूनच फिटते. या हिशेबात लेकराला स्थान नाही. आई पहाटे फडात उतरते, तेव्हा कोपीत तान्ह्या भावाला सांभाळते ती आठ-दहा वर्षांची बहीण.

प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहेही आली. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. परंतु त्याने हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना. वसतिगृहात जागा असूनही मुलगी टोळीबरोबर निघते, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणजे लहानग्याची उपेक्षा थोरलीचीही शाळा बुडवते. अंगणवाडी योजना १९७५ साली सुरू झाली खरी. पण मुलाचे नाव गावच्या पटावर आणि मूल मात्र फडावर, अशी सहा महिने स्थिती असते.

शाळेनेच मुलांकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात अंगणवाडी चालविली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. तोच न्याय उसाच्या तळाला लावावा. टोळीतील एखाद्या स्त्रीला प्रशिक्षण देऊन हंगामभर बालवाडी सोपवावी. मात्र ती तळावर थांबली तर तिचा कोयता मोडतो. म्हणून तिला त्या मजुरीइतके वेतन मिळालेच पाहिजे.

पैसा कोठून आणावयाचा? मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत, असे कारखाने सांगतात. परंतु तोडणीवाचून गाळप होत नाही. तेव्हा तोडणाऱ्याच्या मुलाचा सांभाळ हाही साखरेच्या उत्पादनखर्चाचाच भाग होय. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे धोरण ठरलेलेच आहे. पाच लाख टन गाळपावर ही रक्कम ५० लाख होते. तिचा पहिला वाटा तळावरील बालवाडीला मिळावा.

सहकारी कारखान्यांचे सभासद असलेल्या कार्यकर्त्यांनी ही मागणी प्रथम स्वतःच्या कारखान्याच्या वार्षिक सभेत मांडावी. उसाला रास्त भाव मागणाऱ्याने तो तोडणाऱ्या घरातील बालपणाची किंमतही मोजली पाहिजे. अन्यथा त्या कोपीतून पुढच्या पिढीचा कोयताच तेवढा बाहेर पडेल.