चार वर्षांचे मूल, तीन लिप्या आणि आपली घाई

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून मोठा वाद झाला. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो सुधारला गेला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर केली. यातले राजकारण बाजूला ठेवले तरी एक प्रश्न अगदी रास्त होता : सहा वर्षांच्या मुलावर एकाच वेळी किती भाषांचा भार टाकायचा?

हाच प्रश्न आपण आपल्या घरात विचारून बघू. हिंदी आणि मराठीची लिपी तरी एकच आहे. आपल्या उर्दू माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा तीन वेगळ्या लिप्यांत चालतात. एक उजवीकडून डावीकडे, दोन डावीकडून उजवीकडे. त्यात मकतबमध्ये नूरानी कायदा असतो, तो अरबीत. आणि हे सगळं पहिलीत सुरू होतं असंही नाही. अनेक ठिकाणी नर्सरीत, तीन-साडेतीन वर्षांच्या वयातच, मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानं भरून घेतली जातात. यावर मात्र ना बाहेर वाद झाला, ना आपल्या जलशांत कुणी बोललं.

पालकसभेत आम्हा शिक्षकांच्या कानावर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. "साडेचार वर्षांचा झाला, अजून स्वतःचं नाव लिहीत नाही." "३ काढायला सांगितलं तर ६ काढते." "शेजारच्यांचा मुलगा शंभरपर्यंत लिहितो, आमचा पेन्सिल टाकून पळतो." मग फैसला होतो की मूल कमजोर आहे. ट्यूशन लागते, कधी हातावर पट्टीही बसते. पाच वर्षांच्या आत मुलाला कळून चुकतं की वही ही भीतीची चीज आहे.

आमचं सांगणं एवढंच आहे की बहुतेक वेळा हे मूल कमजोर नसतं. आपण वयाच्या आधी मागतो आहोत.

हात अजून तयार होतोय

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चेची असतात, एक्स-रेमध्ये दिसतही नाहीत. ती एकेक करून टणक होतात आणि शेवटचं हाड तयार व्हायला नऊ ते बारा वर्षं लागतात. बोटांचे बारीक स्नायूही असेच हळूहळू पक्के होतात.

मूल चित्र काढायला शिकतं त्याचाही एक क्रम आहे. दोन वर्षांच्या आसपास उभी रेघ, तीनला गोल, चारला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाच-सहाला त्रिकोण. चार-सहा महिने इकडेतिकडे होतातच. तिरपी रेघ सर्वांत उशिरा जमते. आता बघा, इंग्रजी शाळेत पहिल्याच आठवड्यात मोठा 'ए' काढायला सांगतात. तो म्हणजे त्रिकोणाचाच भाऊ. 'क' मध्ये उभी रेघ, एक गोल, एक वळण आणि वर शिरोरेघ. 'जीम'मध्ये मोठं वळण आणि पोटात नुक्ता. ज्याला अजून चौकोन जमत नाही त्याच्याकडून आपण हे सगळं मागतो, तेही चौकटीच्या आत आणि रेघेवर.

उलटं अक्षर म्हणजे आजार नव्हे

खुर्ची उजवीकडे तोंड करून ठेवली काय, डावीकडे ठेवली काय, ती खुर्चीच असते. मुलाचा आतापर्यंतचा सगळा अनुभव हाच आहे. अक्षरं ही पहिलीच गोष्ट, जिचं तोंड फिरलं की तिचं नाव बदलतं. ३ चा ६ होतो, इंग्रजी 'बी'चा 'डी' होतो. नुक्ता वर गेला की 'बे' राहत नाही. म्हणून सहा-सात वर्षांपर्यंत मुलं अधूनमधून उलटी अक्षरं काढतात. ते वाढीचाच भाग आहे.

उर्दू शिकणाऱ्या मुलाचं आणखी एक आहे. त्याने मराठी शब्द उजवीकडून लिहायला घेतला तर तो चुकत नाही, एका पुस्तकाचा नियम दुसऱ्या पुस्तकाला लावतो आहे. हे अक्कल असल्याचं लक्षण आहे. वहीच्या ज्या कडेपासून सुरुवात करायची तिथे हिरवा ठिपका द्या, मारण्याची गरज पडत नाही.

'डिस्लेक्सिया' हा शब्द आता मोबाईलवर सर्रास फिरतो. वाचन-लेखनातल्या अशा अक्षमतेचं निदान साधारणपणे मूल सात-आठ वर्षांचं झाल्यावर, नीट शिकवूनही जमत नसेल तेव्हाच करतात. चार वर्षांच्या मुलाला तो शिक्का मारायचा अधिकार ना आम्हाला आहे, ना ट्यूशनवाल्याला.

कागदावर धोरण, दप्तरात वही

गंमत अशी की सरकारी धोरणही हेच सांगतं. एनसीईआरटीच्या २०१९ च्या पूर्वप्राथमिक मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात लेखी किंवा तोंडी परीक्षा घ्यायचीच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नेमलेलं पाठ्यपुस्तक नसावं, आणि शिकवणं घरच्या भाषेत व्हावं, असं म्हटलं आहे.

मग चार वर्षांच्या पाठीवर दप्तर कुठून आलं? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आतल्या मुलांसाठी त्यात सरकारने मोफत शिक्षणाची व्यवस्था करता येईल तेवढी करावी, एवढंच कलम आहे. त्यामुळे गल्लोगल्लीच्या खासगी नर्सऱ्यांत काय चालतं, हे बघणारं कुणी फारसं नव्हतं. त्यातही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या 'प्रमती' निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. पुढे काय व्हायचं ते होईल. पण कायदा विचारत नाही तिथे आपल्या संस्थांना आपणच विचारायला हवं.

दुसरं कारण आपण स्वतः आहोत. वही दिसते, कान दिसत नाही. घरी आल्या आल्या अम्मी दप्तर उघडते, "आज काय लिहिलं?" असं विचारते. आज कोणती गोष्ट ऐकली, असं क्वचितच कुणी विचारतं. फी भरणाऱ्याला जे दिसतं तेच शाळा दाखवते. पण पानं उतरवणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'असर' २०२४ च्या अहवालानुसार देशात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. खरी कमतरता इथे आहे. ती पेन्सिलीने नव्हे, आधी भाषेने भरून निघते. जे मूल भरपूर ऐकतं आणि बोलतं, त्याला पुढे वाचलेलं कळतं.

काळजी कशाची करायची

सगळं घर 'लिहीत का नाही' यात अडकतं आणि ज्याची खरंच काळजी करायची ते निसटतं. पुढच्या गोष्टी दिसल्या तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका.

मागून हाक मारली तर मूल वळत नाही. चार वर्षांचं झालं तरी परक्या माणसाला त्याचं बोलणं कळत नाही. 'चप्पल काढ आणि पाणी घेऊन ये' असं दोन कामांचं सांगणं समजत नाही. टीव्हीला नाक लावून बसतं, किंवा डोळा तिरपा दिसतो. इतर मुलांत मिसळतच नाही, नजर देत नाही. एक हात जवळजवळ वापरतच नाही. आधी येणारी गोष्ट आता येईनाशी झाली आहे. चार पूर्ण झाली तरी गोलसुद्धा निघत नाही. यातलं काहीही असेल तर कान, डोळे आणि एकूण वाढ तपासून घ्या. कानात साचलेलं पाणी किंवा चष्म्याचा नंबर, एवढंच कारण निघू शकतं.

यासाठी खर्चाची धास्ती घेण्याचं कारण नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा तपासणीसाठी येणं अपेक्षित आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अडचण अशी की अंगणवाडी 'गरिबांची' म्हणून आपण मुलाला खासगी नर्सरीत घालतो आणि ते या तपासणीच्या यादीबाहेर जातं. म्हणून नर्सरी कोणतीही असो, मुलाचं नाव जवळच्या अंगणवाडीत नोंदवा, पथक कधी येतं ते सेविकाताईंना विचारा.

दोन गैरसमज इथेच दूर करू. घरात दखनी, बाहेर मराठी, यामुळे मूल बोलायला मागे पडत नाही. 'घरी फक्त इंग्रजी बोला' हा सल्ला तर उलट नुकसान करतो, कारण ज्या भाषेत दादी-नानी गोष्ट सांगते तीच मुलाची पहिली शाळा आहे. दुसरा गैरसमज डाव्या हाताचा. उजव्या हाताने खाण्याचा अदब आपण शिकवतो, शिकवावाच. पण पेन्सिल कोणत्या हातात धरायची हे मेंदू ठरवतो आणि ते साधारण चार ते सहा वर्षांत पक्कं होतं. दहातलं एखादं माणूस डावखुरं असतंच. पेन्सिल हिसकावून दुसऱ्या हातात दिली तर अक्षर बिघडतं आणि मूलही बिथरतं.

घरात आणि संस्थेत

आपल्याकडे बिस्मिल्लाहची रस्म चार वर्षं, चार महिने, चार दिवसांनी करायची पद्धत आहे. ही फक्त रस्म आहे, पण तिच्यातली समज बघा. बुजुर्गांनी शिकण्याची सुरुवात चारच्या पुढे ठेवली, आणि त्या दिवशी मूल आधी ऐकतं, मग म्हणतं, मग मिठाई वाटली जाते. ऐकणं, बोलणं, मग वाचणं आणि शेवटी लिहिणं हाच क्रम आजचं बालशिक्षणही सांगतं.

लिहिण्याआधीची तयारी स्वयंपाकघरात होते. कणकेचा गोळा मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं, कुर्त्याची बटणं स्वतः लावणं, शीरखुर्म्याचा मेवा वेगवेगळ्या वाट्यांत निवडणं. परातीत रवा पसरून त्यात बोटाने रेघा, गोल काढू द्या. खडू द्या, अंगण द्या. रोज रात्री एक गोष्ट घरच्या भाषेत सांगा आणि मुलाकडून परत ऐका. मोबाईल त्या वेळी दूर ठेवा.

संस्थाचालकांना आमची विनंती आहे. पुढचे प्रवेश सुरू होण्याआधी बैठकीत हा विषय घ्या. नर्सरी आणि लहान गटात वही-गृहपाठ बंद, प्रवेशाला मुलाची परीक्षा नाही, मोठ्या गटात आधी घरच्या भाषेची एक लिपी आणि ती हातात बसल्यावर दुसरी. बाकीच्या भाषा तोवर गाण्यांतून, गोष्टींतून कानावर पडू द्या. मकतबच्या मौलानांशीही बोला : पाचच्या आतल्या मुलाला लिहायला न लावता पाठांतर आणि ओळख पुरेशी आहे. सकाळी शाळा, दुपारी मकतब, संध्याकाळी ट्यूशन अशा तीन बैठकांत खेळायला वेळ उरत नाही, आणि या वयात खेळ हाच अभ्यास आहे.

पालकांनीही नर्सरी निवडताना भिंतीवरचा निकाल बघू नये. दहा मिनिटं दारात उभं राहून ऐकावं. आतून मुलांचा बोलण्या-हसण्याचा आवाज येत असेल तर तिथे नाव घाला. वर्ग शांत असेल आणि सगळी डोकी वहीत खाली असतील, तर पुढची नर्सरी बघा.