हाडसांधीला पुराव्याची जोड द्या

चौधारी, पेरापेरांची हाडसांधी ऊर्फ कांडवेल मोडलेल्या हाडावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. 1960च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठातल्या उडुपा आणि प्रसाद यांना प्राण्यांवरील प्रयोगांत हाड लवकर सांधताना दिसले. पुढे कॅमेरूनमधल्या चाचण्यांत तिच्या अर्काने वजनही घटले.

पण त्या चाचण्या काही आठवड्यांच्याच.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, हाडे विरळ होतात, पोटाचा घेर वाढतो. अशा बायकांना ‘एका गोळीत दोन्ही’ची आशा विकणे हा अन्याय आहे. वनस्पतीचा अर्क म्हणून तो निर्धोक, असेही नाही: 2009 मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सिकट या ब्रँडची वजन घटवण्यासाठीची उत्पादने यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींनंतर मागे घेतली गेली. काहींत कोकमाच्या कुळातल्या गार्सिनियाचा अर्क होता.

आयुष मंत्रालयाने रजोनिवृत्त स्त्रियांवर हाडसांधीची दीर्घ चाचणी घ्यावी आणि हाडांची घनता मोजून निष्कर्ष जाहीर करावेत.