गच्चीवरची दुर्बीण : घेताना काय पाहाल?

मैत्रिणींनो, कुकर घ्यायचा झाला तर आपण चार दुकानं हिंडतो. झाकण नीट बसतं का, तळ जाड आहे का, मुठी घट्ट आहेत का, सगळं हाताळून पाहतो. साडीचा पदर उजेडात धरून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. पण मुलांसाठी दुर्बीण घ्यायची वेळ आली, की खोक्यावरचं रंगीत चित्र आणि त्याखालचा मोठ्ठा आकडा पाहून आपण मोकळ्या होतो! दुसऱ्यांना नावं ठेवायला नाही हं लिहीत. हे शहाणपण मी स्वतःचे पैसे घालवून शिकले आहे.

लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही हौसेनं दुर्बीण आणली. खोक्यावर लिहिलं होतं, ‘५२५ पट मोठे दाखवते’. तीन काटकुळे पाय आणि वर नळी. चंद्र दिसला, पण नळीला नुसता हात लागला की चंद्र पळायचा. शनी शोधण्यात पाऊण तास गेला, आणि दिसला काय, तर थरथरणारा पिवळट ठिपका. लेक हिरमुसली. आठ दिवसांत दुर्बीण कपाटावर गेली आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला तेवढी खाली येऊ लागली.

पण मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चुटपुट लागून राहिली. त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं होतं, “ह्यातून अरुंधती दिसेल का गं?” त्यांच्या लग्नात गुरुजींनी आकाशाकडे बोट दाखवून ‘अरुंधती दिसली का?’ म्हणून विचारलं, आणि त्या ‘दिसली’ म्हणाल्या. दिसली नव्हती. चारचौघांत नाही कसं म्हणायचं? मला हसू आलं, कारण माझ्या लग्नात मीही तेच केलं होतं. कार्यालयाच्या दिव्यांत आकाश कुठलं दिसायला! तुमच्यापैकी किती जणींनी ती खरोखर पाहिली आहे, सांगा पाहू?

तेव्हा ठरवलं, दुसरी दुर्बीण घ्यायची ती समजून-उमजून. अर्धवेळ शिकवण्याच्या पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकले, आणि पैसे साठेपर्यंत वाचत राहिले, जाणत्यांना विचारत राहिले. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पट विसरा, आरसा मोजा

दुर्बिणी मुख्यतः दोन जातींच्या. एक भिंगाची, दुसरी आरशाची. आरशाची पहिली दुर्बीण न्यूटननं १६६८ साली केली. नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा असतो. तो प्रकाश गोळा करून वर पाठवतो. वरच्या तोंडाशी तिरका बसवलेला छोटा सपाट आरसा तो प्रकाश बाजूला वळवतो, आणि आपण नळीच्या कुशीतून डोळा लावून पाहतो. चांगलं मोठं भिंग करायला फार खर्च येतो, शिवाय साध्या भिंगातून ताऱ्याभोवती रंगीत कड दिसते. आरशाला ही कड येत नाही, आणि त्याची एकच बाजू घासून नेमकी करावी लागते. म्हणून तेवढ्याच पैशांत आरसा मोठा मिळतो. जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका संस्थेची २००६ साली सुरू झालेली मोठी दुर्बीण आहे, तीही आरशाचीच. तिचा आरसा २ मीटर रुंदीचा!

आता मुद्द्याची गोष्ट. पाऊस पडत असताना पागोळ्यांखाली तांब्या ठेवला आणि शेजारी परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? प्रकाशाचंही तसंच. आरसा रुंदीला दुप्पट झाला, की प्रकाश चौपट येतो. तीन इंची आरशापेक्षा सहा इंची आरसा चौपट प्रकाश देतो, आणि बारकावेही दुप्पट दाखवतो.

मग ते ‘५२५ पट’ काय असतं? वाटीभर वरणात तांब्याभर पाणी ओतलं तर वरण वाढतं, पण चवीचं काय? थोड्या प्रकाशाचं चित्र खूप पसरवलं, की ते असंच पाणचट होतं. हिशेब सोपा आहे. आरशाची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. त्यापुढच्या पटीला काही अर्थ नाही. म्हणजे ७६ मिलिमीटरच्या आरशाला फार तर दीडशे पट, आणि तीही हवा अगदी स्थिर असेल तर. जो विक्रेता आरशाची रुंदी न सांगता नुसते पट सांगतो, त्याला नमस्कार करून पुढे चला.

पट ठरतात त्या डोळ्याकडच्या भिंगानं. त्याला नेत्रिका म्हणतात. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या आकड्यानं भागलं की पट मिळतात. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ ची नेत्रिका लावली तर ४८ पट, १० ची लावली तर १२० पट. ह्या दोन नेत्रिका असल्या की घरच्या आकाशदर्शनाला पुष्कळ झालं. सोबत चिमुकली ४ ची नेत्रिका फुकट देतात, तिच्यावर भुलू नका.

सुरुवातीला ११४ ते १५० मिलिमीटर, म्हणजे साडेचार ते सहा इंची आरसा उत्तम. आणखी एक खूण सांगते. साध्या आरशाच्या दुर्बिणीची नळी साधारण तिच्या नाभीय अंतराएवढी लांब असते. कागदावर १००० मिलिमीटर आणि नळी मात्र जेमतेम दीड फुटाची असेल, तर आत जास्तीचं भिंग बसवून लांबी भरून काढलेली असते. स्वस्त दुर्बिणींत ते भिंग बहुधा सुमार असतं आणि चित्र कधी नीट स्पष्ट होत नाही. अशी घेऊ नका.

पाय पाहा पाय!

माझी पहिली दुर्बीण निम्मी हरली ती पायांमुळे. आरसा कितीही चांगला असला तरी बैठक लटपटत असेल तर सगळं फुकट. दुकानात नळीला हलकेच टिचकी मारून पाहा. दोन-तीन सेकंदांत थरथर थांबली पाहिजे.

बैठकीच्या एका प्रकाराला आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. दिसायला मोठा शास्त्रीय, वजनं-बिजनं लटकवलेला. पण आपल्या नागपुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर. आमच्या धंतोलीत तेवढ्या उंचीवर कुठला तरी दवाखानाच आडवा येतो! शिवाय ती बैठक लावायला शिकण्यातच नवशिक्याचा उत्साह संपतो.

दुसरा प्रकार मला भावला, आणि त्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. धंतोलीतल्या रामकृष्ण मठावरून आपण कितीदा जातो. त्याच परंपरेच्या, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला असलेल्या वेदान्त मठात १९४४ साली जॉन डॉब्सन नावाचा तरुण दाखल झाला आणि तेवीस वर्षं मठवासी राहिला. विश्व कसं आहे ते लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, ही त्याची तळमळ. हाती पैसा नाही. मग जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या काचा घासून त्यानं आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या घेतल्या आणि प्लायवूडची पेटी ठोकून त्यात नळी बसवली. तोफेसारखी ती वर-खाली होते आणि पेटी गोल फिरते, बस्स! दुर्बीण गल्लीत ओढत न्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शनी दाखवायचा. ह्या नादापायी १९६७ साली त्याला मठ सोडावा लागला, पण नाद काही सुटला नाही. २०१४ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी तो गेला. त्यानं आपल्या बैठकीवर हक्क सांगितला नाही, म्हणून आज जगभर ती ‘डॉब्सोनियन’ नावानं मिळते. स्वस्त, दणकट आणि चालवायला सोपी.

स्वतःला उचलता येईल तीच घ्या

आम्ही डॉब्सोनियन घ्यायची ठरवली, तेव्हा हे म्हणाले, “घ्यायचीच तर आठ इंची घे. पुन्हा पुन्हा का घ्यायचीय?” बोलणं खोटं नव्हतं. मी दोन्हींची वजनं पाहिली. सहा इंचीची नळी आणि बैठक वेगळी केली, तर मी एकटी दोन खेपांत जिना चढवू शकत होते. आठ इंचीला ह्यांची मदत लागली असती. आणि हे घरी येणार आठला, जेवणार नऊला, मग दमलेले असणार. रोज कोण विनवणी करणार? माझे पैसे, माझी हौस, आणि ती दुसऱ्याच्या सवडीवर? मी सहा इंचीच घेतली.

कॅरोलिन हर्शेलची गोष्ट मला तेव्हा फार आठवली. भाऊ विल्यम तासन् तास आरसे घासायचा, तेव्हा ही त्याला घास भरवायची. घर सांभाळायची, त्याच्या वेधांच्या नोंदी ठेवायची. १७८१ साली विल्यमनं घरी केलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून युरेनस शोधला. पुढे त्यानं बहिणीसाठी एक लहान दुर्बीण करून दिली, तिची तिला एकटीला चालवता येईल अशी. १७८६ साली भाऊ परगावी गेला असताना तिनं त्या दुर्बिणीतून धूमकेतू शोधला, आणि पुढच्या अकरा वर्षांत आणखी सात! हातात आपली स्वतःची दुर्बीण असल्याचा असा फरक पडतो.

घरी आणल्यावर

* पहिली आणि शेवटची सूचना : दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळा क्षणात कायमचा जातो. नेत्रिकेवर लावायची काळी काच सोबत आली असेल तर ती फेकून द्या. उन्हानं ती तडकते. दिवसा दुर्बीण मुलांच्या हाती लागू देऊ नका.

* आरसा पदरानं पुसायचा मोह आवरा! आपल्या घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, दुर्बिणीच्या आरशाचा ॲल्युमिनियमचा मुलामा पुढच्या बाजूला असतो. एकदा पुसलं की ओरखडे कायमचे. थोड्या धुळीनं काही बिघडत नाही. काम झालं की दोन्ही तोंडांना झाकण घाला. अंघोळीची प्लॅस्टिकची टोपीही छान बसते.

* पाहण्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका निवला की चित्र स्थिर होतं. आपल्या उन्हाळ्यात गच्ची रात्री नऊपर्यंत तव्यासारखी तापलेली असते आणि तिच्या वाफांनी तारे नाचतात. झोपण्यासाठी पाणी शिंपडतो तसं शिंपडा आणि दहानंतर पाहा.

* चित्र उलटं दिसेल. दुर्बीण बिघडली म्हणून परत करू नका. आकाशात खाली-वर कसलं!

* हलवाहलवीत दोन्ही आरशांची जुळणी बिघडते. ती पेटीला सूर लावण्यासारखी आहे. दोन-चारदा केली की पाच मिनिटांचं काम.

शहराच्या उजेडातून काय दिसणार, असं वाटत असेल तर ऐका. चंद्र, ग्रह आणि जोडतारे ह्यांना उजेडाची फारशी बाधा नाही. गुरूचे चार चंद्र धंतोलीतूनही लख्ख दिसतात. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या बाजूनं अगदी आडवी, रेघेसारखी झाली होती. ती आता वर्षागणिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण रुंद दिसतील. देवयानी दीर्घिका आणि फिकट तेजोमेघ ह्यांच्यासाठी मात्र अंधार हवा. आपल्याच जिल्ह्यातलं पेंच २०२४ साली भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. सहलीला गेलात तर वाघासाठी झुडपांत पाहाल तसं रात्री वरही पाहा. आणि विकत घेण्याआधी कुणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा पाहाच. नागपूरकरांनी गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात आकाशदर्शनाची चौकशी करावी. पुण्याच्या मैत्रिणींना १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहेच.

आता राहिली अरुंधती. मे महिन्यात सप्तर्षी रात्री उत्तरेकडे चांगले वर असतात. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला बिलगलेली बारीक अरुंधती. डोळे चांगले असतील तर नुसतीही दिसते. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना एकच ठिपका दिसत होता. दुर्बीण रोखली आणि शेजारी स्टूल ठेवलं. ह्या दुर्बिणीत बसून पाहता येतं, हाही एक फायदा. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, ही वेगळी दिसतेय. पण हा वसिष्ठच दोन आहे की काय?”

बरोबर होतं त्यांचं! वसिष्ठ हा स्वतःच जोडतारा आहे. दुर्बिणीतून ते दोन्ही चिकटून दिसतात आणि अरुंधती थोडी अलीकडे, स्वतःच्या तेजानं. पंचावन्न वर्षांपूर्वी मांडवात ‘दिसली’ म्हणणाऱ्या माझ्या सासूबाईंनी ती त्या रात्री पाहिली. मग लेकीनं पाहिली, मी पाहिली. हे जेवण उरकून वर आले तेव्हा त्यांना आमच्यामागे नंबर लावावा लागला.

तुम्ही पाहाल तेव्हा मला जरूर कळवा. आणि घरात लग्न ठरलं असेल, तर नव्या नवरीला आधीच एखाद्या रात्री गच्चीवर नेऊन अरुंधती दाखवून ठेवा. म्हणजे गुरुजींनी विचारलं, की तिला खरं उत्तर देता येईल.